लाल फेजवरची दुकानं

ज्याला जीभ आवरत नाही त्यानं वायरमन होऊ नये, हे आमच्या आयटीआयच्या मास्तरांनी मला सांगायला हवं होतं. त्यांनी फक्त हात सांभाळायला सांगितलं. हात मी सांभाळले. वीस वर्षं झाली, दहाही बोटं जागेवर आहेत.

मी मूळचा अकोल्याचा. लग्नानंतर अमरावतीला आलो आणि इथल्या दुकानांच्या, क्लासेसच्या, दवाखान्यांच्या भिंतींतून तारा ओढत बसलो. अमरावतीची माणसं स्वतःला अकोलेकरांपेक्षा थोडी सभ्य समजतात. पहिल्याच आठवड्यात एका किराणावाल्यानं मला ऐकवलं होतं, "तुमी अकोल्याचे का? तरीच एवढे गरम." मी गरम आहेच. कोणी मला माझंच काम शिकवायला लागलं की माझं डोकं सटकतं, मग समोर गिऱ्हाईक असो की गिऱ्हाइकाचा बाप. पण कोणी गोड बोललं, "भाऊ, हे काम तुमच्याशिवाय कोणाच्या बापाले जमत नाही" म्हटलं, की मी संपलोच. बायको म्हणते, "जिथं भांडाचं तिथं हसता, अन् जिथं हसाचं तिथं भांडता." तिचं बरोबर आहे, पण हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तर कॉलेजच्या रस्त्यावर बारा दुकानांचं एक दुमजली कॉम्प्लेक्स आहे. त्याचं सगळं वायरिंग माझं. मालक नागपूरला राहतो आणि वर्षातून एकदा येऊन जिन्यातल्या पिचकाऱ्यांवर ओरडून जातो. कनेक्शन त्याच्या नावावर एकच, आणि आत प्रत्येक दुकानाला वेगळं छोटं मीटर. जिन्याखाली मीटरखोली आहे. बाहेरून केबल तिथं येते, मेन स्विचमध्ये शिरते आणि तिथून बारा दुकानांची वाटणी होते. केबलीत तीन फेज असतात, लाल, पिवळा आणि निळा. तिघांतली वीज सारखीच. रंग फक्त आम्हाला ओळखता यावेत म्हणून. चौथा काळा, तो न्यूट्रल. दुकानात गेलेली वीज त्याच्यातून परत येते. मी सुरुवातीला अगदी शहाण्या माणसासारखी चार दुकानं लालवर, चार पिवळ्यावर आणि चार निळ्यावर लावली होती. तिन्हींवर सारखा भार असला की न्यूट्रल निवांत पडून राहतो, कारण तिघं आपसातच भागवून घेतात. म्हणून केबल बनवणारे न्यूट्रलची तार अर्ध्या जाडीचीच देतात. साडेतीन कोरची केबल म्हणतात ती हीच. वायरमनला अक्कल आहे असं ते बिचारे धरून चालतात.

सहा-सात वर्षं सुरळीत गेली, मग एका उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या डीपीतले, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीतले, फ्यूज उडायला लागले. कधी पिवळा जाई, कधी निळा. लाल तेवढा दोन-तीनदा योगायोगानं टिकला. एका दुपारी मी लस्सीवाल्याच्या बाकावर बसलो होतो. मेडिकलवाले घामाघूम होऊन आले आणि म्हणाले, "माही लाईन गेली, अन् वरच्या क्लासात एसी सुरू कसा?" आता याचं खरं उत्तर दोन वाक्यांचं होतं. पण समोर पाच-सहा माणसं होती आणि हातात फुकटची लस्सी. मी म्हणालो, "अहो, लाल फेजवर एका मोठ्या साहेबाचा बंगला हाय. तो बंद कराची कोणाची छाती हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो. कुठला साहेब आणि कुठला बंगला! त्या रस्त्यावर साहेबाचं कुत्रंसुद्धा राहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेडिकलवाल्यांनी मला काउंटरच्या आत बोलावलं. च्या मागवला. आमच्या वऱ्हाडात कोणी अर्ज करत नाही, च्या पाजतात आणि कानात सांगतात. "भाऊ, इंजेक्शनं असतात फ्रिजात. मले त्या साहेबाच्या फेजवर घ्या ना. पण कोणाले सांगू नका." थाप होती हे तेव्हाच कबूल करायला हवं होतं. पण त्यांनी आधीच "तुमीच करू शकता" म्हणून ठेवलं होतं. दहा मिनिटांचं काम. मेन बंद केला, त्यांची तार निळ्यावरून काढली, लालवर लावली.

चार दिवसांनी लस्सीवाला. "मेडिकलवाल्याले घेतलं म्हणे. मंग मी काय सावत्र हाय?" त्यालाही घेतलं. मग मोबाईलवाला आला, मग झेरॉक्सवाला. प्रत्येक जण एकटा यायचा, आजूबाजूला पाहायचा आणि जाताना म्हणायचा, "कोणाले सांगू नका." मी कोणाला सांगत नव्हतो. सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. वरचे क्लासवाले सर आधीपासून लालवर होते, पण शेजारची दुसरी खोली भाड्यानं घेतल्यावर तिचे दोन एसीही त्यांनी लालवरच मागितले. मी म्हणालो, "सर, तुम्ही तर फिजिक्स शिकवता!" ते म्हणाले, "अहो, ते शिकवायचं असतं."

दोन उन्हाळे गेले. बारापैकी अकरा दुकानं लालवर जाऊन बसली. पिवळ्यावर उरले जिन्यातले चार दिवे आणि पाण्याची मोटर. निळ्यावर एक दुकान. लाल फेज जायचा नाही असं काही नव्हतं. सगळ्यांइतकाच तोही जायचा. पण तो गेला की लस्सीवाला म्हणायचा, "साहेब गावाले गेले असतीन."

हे चुकीचं चाललंय हे मला कळत होतं का? कळत होतं. जानेवारीत मीटरखोलीत एका कामासाठी गेलो तेव्हा मी केबलीवर हात ठेवला, तर ती कोमट लागली. जानेवारीत! सगळ्यांचा भार एका फेजवर, म्हणजे सगळ्यांचा परतीचा भार त्या अर्ध्या जाडीच्या न्यूट्रलवर. मी स्वतःशीच म्हणालो, उन्हाळ्याच्या आधी सगळं परत चार-चार करून टाकू. मग लग्नसराईची कामं आली, दोन बंगल्यांची वायरिंगं आली, आणि उन्हाळ्याच्या आधीचे दिवस कधी संपले ते कळलंच नाही. खोटं कशाला बोलू, अकरा जणांना लालवरून उतरवायला तोंड नव्हतं मला.

निळ्यावरचं ते एक दुकान फुलवाल्या काकूंचं.

काकूंच्या सासरची शेती अंजनगाव सुर्जीकडं. झेंडू, निशिगंध, शेवंती. आधी त्या टोपली घेऊन बसायच्या, मग टेबल टाकलं, आणि दहा वर्षांपूर्वी कॉम्प्लेक्स झालं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी दुकान भाड्यानं घेतलं. पंचावन्नच्या पुढं वय, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि तोंड असं की पुण्याच्या माणसानं ऐकलं तर भांडण समजून पोलिसाला बोलवील. मी रोज दुपारी त्यांच्याकडे टेकायचो. एक म्हणजे फुलांमुळं दुकान गार असायचं. दुसरं म्हणजे त्या मला शिव्या देत देत च्या द्यायच्या. "काय रे भाऊ, आज कोणाच्या घराले आग लावून आला?" हे त्यांचं स्वागत.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मागची खोली थर्माकोलच्या जाड पॅनेलनं मढवून घेतली, एसी बसवला आणि फुलांसाठी थंड खोली केली. वायरिंग मीच केलं. त्या खोलीमुळं त्यांना गुलाब आणि जरबेरा ठेवता येऊ लागला. आणि मागच्या मे महिन्यात त्यांना पहिल्यांदा एका मोठ्या मंगल कार्यालयाचं काम मिळालं. स्टेज, मांडवाचं दार, अडीचशे गजरे. मुलीकडचे अमरावतीचे, वऱ्हाड अकोल्याहून येणार. कार्यालयाच्या मॅनेजरनं सांगून ठेवलं होतं की हे लग्न नीट निघालं तर पुढची सगळी सराई काकूंची, नाही तर नेहमीचा मोठा डेकोरेटर आहेच. काकू तीन दिवस धड जेवल्या नव्हत्या. मला म्हणाल्या, "हे साधलं ना भाऊ, तर लोकायच्या दारी हार घेऊन फिरणं बंद. लोकं माह्या दारी येतीन."

लग्न रविवारचं. शनिवारी पहाटे गुलाब-जरबेरा बसनं आला, अंजनगावाहून झेंडू-निशिगंध आणि गजऱ्यांसाठी मोगरा आला. थंड खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. बारा दुकानांचे सगळे कूलर, एसी, फ्रिज गळा काढून चालले होते. बाराच्या सुमाराला मला लस्सीवाल्याचा फोन. "भाऊ, लवकर या. माहा पंखा म्हातारा झाला अन् काकूकडून धूर येऊन राहिला."

मी गाडी घातली ती थेट जिन्याशी. जिन्यातल्या चारही दिव्यांच्या काचा पायरीवर पडल्या होत्या. अकरा दुकानांत दिवे मंद पेटलेले, पंखे जेमतेम फिरताहेत. आणि काकूंच्या दुकानात मात्र ट्यूब फुटलेली, स्टॅबिलायझरमधून काळा धूर, एसी बंद. मला कारण दारातच कळलं. मी आत न जाता मीटरखोलीकडं पळालो आणि मेन खाली पाडला. न्यूट्रलचा जोड कोळसा झाला होता. स्क्रू वितळून बोळा झालेला.

न्यूट्रल तुटला की परतीची वाट बंद. मग वीज काय करते? ती एका फेजमधून घुसून दुसऱ्या फेजमधून बाहेर पडते. ज्या फेजवर गर्दी, त्याच्या वाट्याला थोडं येतं आणि ज्याच्यावर कोणी नाही त्याच्या डोक्यावर जवळजवळ सगळं. अकरा जणांचे नुसते दिवे मंद झाले. दोनशे तीस व्होल्टच्या जागी चारशेला टेकलेली वीज गेली ती निळ्यावरच्या एकट्या दुकानात. आधी स्टॅबिलायझर जळाला, मागून एसी.

काकू दारात उभ्या होत्या. रडत नव्हत्या. पदराचा बोळा करून तोंडाशी धरला होता. "भाऊ, फुलं," एवढंच म्हणाल्या. मला स्वतःच्या कानाखाली एक ओढावीशी वाटली.

तोपर्यंत सगळे दुकानदार जमले होते आणि एकमतानं निकाल देऊन मोकळे झाले होते. "वरूनच जास्त लाईन सोडली वीजवाल्यायनं." "पेपरात दिलं पाहिजे." मेडिकलवाल्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय भाऊ, वरूनच आली ना?"

मी म्हणालो, "हं."

एवढंच. तेवढा एक हुंकार. त्यानंतर मी असा कामाला लागलो की कोणाला दुसरा प्रश्न विचारायला सवडच दिली नाही. "बर्फ आणा! उभे काय राहता, तमाशा हाय का?" मी ओरडलो. लस्सीवाला बर्फाच्या कारखान्यात गेला आणि तीन लाद्या घेऊन आला. त्या फुलांच्या बादल्यांच्या मधे ठेवल्या. मी नवीन जोड, नवा स्क्रू, नवी तार घालून तीन वाजेपर्यंत न्यूट्रल पक्का केला. आणि मेन बंदच होता तेव्हा कोणालाही न विचारता बाराही दुकानांच्या तारा काढून परत चार-चार-चार केल्या. हे काम दोन वर्षं माझ्यानं होत नव्हतं. ते पाऊण तासात झालं.

लाईन आली. काकूंचा एसी काही आला नाही. मेकॅनिकनं उघडून पाहिला आणि झाकण परत लावलं. बर्फ संध्याकाळपर्यंत पुरणारा नव्हता. तेव्हा क्लासवाले सर वरून खाली आले आणि म्हणाले, "फुलं वर आणा. माझ्या दोन खोल्यांत मिळून चार एसी आहेत."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. साठ-सत्तर बादल्या जिन्यातून वर. मेडिकलवाले, मोबाईलवाला, झेरॉक्सवाला, सगळ्यांच्या खांद्यावर गुलाब. उरलेला मोगरा लस्सीवाल्याच्या फ्रिजात दह्याच्या शेजारी, आणि लस्सी जो येईल त्याला फुकट, कारण ठेवायला जागा नव्हती. सरांनी एसी सोळावर टाकला. वर्गात पाचची बॅच बसली होती, बाकांच्या मधे जरबेरा. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत पोरी ओढण्या गुंडाळून कुडकुडताहेत. एक पोरगी म्हणाली, "सर, स्वेटर आणू का?" मे महिन्यात, अमरावतीत! सर फळ्यावर शिकवत होते आणि मागच्या दोन बाकांवर गजरे ओवणं चाललं होतं. काकू खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. "गाठ ढिली बांधू नको वं, नवरीच्या आईच्या डोक्यावरून गळीन." सरांनी शिकवणं थांबवलं आणि तेही ओवायला बसले.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. स्टेज असं की अकोल्याच्या वऱ्हाडातल्या बाया आधी नवरी सोडून फुलांजवळ फोटो काढत होत्या. मोगऱ्याच्या गजऱ्यांना थोडा आंबट वास होता, पण तो जवळ नाक नेणाऱ्यालाच कळला. मॅनेजर स्वतः काकूंकडं आला आणि पुढच्या पाच लग्नांच्या तारखा सांगून गेला. काकूंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मी वरणाचा पहिला घास घेतला, तोच त्या उठल्या, हातात गुलाबांचा हार. सरळ माझ्या गळ्यात घातला आणि अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या भावाच्यानं झालं सगळं. हा नसता तर मी काल मेली असती."

लस्सीवाला ओरडला, "भाऊ, भाषण!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हार चांगला जड होता. शनिवारी "हं" म्हणालो तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. आता वाटलं की ताट सोडून पळून जावं.

जेवणं झाल्यावर काकू स्टेजच्या मागं रिकाम्या बादल्या मोजत होत्या. मी तिथं गेलो, हार काढून हातात घेतला आणि म्हणालो, "काकू, वरून काही आलं नव्हतं. लाईन चांगली होती. ते माह्यानं झालं." आणि सगळं सांगितलं. साहेबाच्या बंगल्याची थाप, कानातल्या विनंत्या, अर्ध्या जाडीचा न्यूट्रल, जानेवारीतली कोमट केबल. एसी नवा बसवून देतो, तेही सांगितलं. ऐकता ऐकता त्या बादल्या एकात एक घालत होत्या.

"मंग मी कोणत्यावर होती?" त्यांनी विचारलं.

"निळ्यावर."

"अन् बाकीचे?"

"सगळे लालवर."

"ते कसे गेले तिकडं?"

"मांगतलं त्यायनं. एकेकानं येऊन सांगतलं, मी करून देल्लं."

काकू एका पालथ्या बादलीवर बसल्या. मी शिव्यांची वाट पाहत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या येईनात म्हणून मीच बोलायला लागलो. माझी जीभ! म्हणालो, "काकू, बारा जणांत तुमीच एक खरा माणूस. सगळे येऊन गेले, तुमी एकट्यायनं कधी काही मांगतलं नाही."

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं.

"मांगता येते, हे मले कोणी सांगतलं होतं का रे?" त्या म्हणाल्या. "मले वाटे, दुकानात जे तार आली तेच आपली. दहा वर्षं झाले, तू रोज माह्याजवळ बसून च्या पेतं. माहीत असतं तर मी सगळ्यायच्या आंधी मांगतलं असतं."